तुमचे प्रश्न : स्क्रूजची गोष्ट लिहिली गेली तरी कशी?

मागच्या अंकात बालविभागात चार्ल्स डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल'चा छोटासा मराठी सारांश दिला होता, त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. लंडनमध्ये स्क्रूज नावाचा एक पेढीवाला म्हातारा, महाचिक्कू, कुणाला दमडी देणार नाही आणि स्वतःवरही खर्च करणार नाही. नाताळच्या आदल्या रात्री त्याचा सात वर्षांपूर्वी मेलेला पार्टनर मार्ले भूत होऊन येतो, मग एकामागून एक तीन आत्मे येतात, पहिला त्याला त्याचा भूतकाळ दाखवतो, दुसरा आत्ता चाललंय ते, तिसरा पुढे काय होणार ते, आणि सकाळ होईपर्यंत म्हातारा पार बदलून जातो. पेढीवरचा कारकून बॉब क्रॅचिट आणि त्याचा कुबडी घेऊन चालणारा लहानगा टिम, या दोघांवर वाचकांचा सगळ्यात जास्त जीव. आता प्रश्नांकडे येते.

प्रश्न : ताई, मी चोपड्याला आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. गोष्ट वर्गात वाचून दाखवली तर एक मुलगा म्हणे, मॅडम हे त्याला सुचलं कुठून, त्याच्या घरी कोणी असा चिक्कू होता का? नेटवर बघितलं तर उलटसुलट मिळालं. नीट सांगाल का?

उत्तर : मॅडम, त्या मुलाला सांगा की सुरुवात एका सरकारी रिपोर्टपासून झाली. ऐकायला कोरडं वाटेल, पण पोरं ऐकतील, कारण त्या रिपोर्टमध्ये पोरंच बोलताहेत.

इंग्लंडमध्ये त्या काळी लहान मुलं खाणीत, कारखान्यात, छोट्या छोट्या वर्कशॉपात सर्रास कामाला असायची. त्याची चौकशी करायला सरकारने कमिशन नेमलं होतं. पहिला रिपोर्ट १८४२ मध्ये आला, तो खाणींवर. दुसरा १८४३ च्या सुरुवातीला, तो बाकीच्या धंद्यांवर, म्हणजे खिळे-कुलुपं बनवणारे, लेस विणणारे, कपडे शिवणारे वगैरे. कमिशनची माणसं गावोगाव फिरून मुलांना समोर बसवून विचारायची की किती वाजता येतो, किती वाजता जातो, खातो काय, मार बसतो का, लिहिता-वाचता येतं का, आणि मुलं जे सांगतील ते त्यांच्याच शब्दात लिहून घ्यायची. डॉक्टर साउथवूड स्मिथ या कमिशनचे मेंबर होते आणि डिकन्सच्या ओळखीचे होते, त्यांनी त्याला हा दुसरा रिपोर्ट पाठवला. वाचून तो हादरला. ६ मार्च १८४३ ला त्याने डॉक्टरांना कळवलं की मी गरिबाच्या मुलांच्या बाजूने इंग्लंडच्या जनतेला आवाहन करणारं एक स्वस्तातलं पत्रक काढणार आहे. आणि चारच दिवसांनी दुसरं पत्र, की पत्रक आत्ता नको, वर्ष संपताना माझ्याकडून जे येईल ते बघा, पत्रकाच्या वीसपट, वीस हजारपट जोराने घण बसल्यासारखं वाटेल तुम्हाला.

मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातले हे चार दिवस सगळ्यात महत्त्वाचे. त्या वेळी त्याच्या डोक्यात ना स्क्रूज होता ना टिम, नुसतं एवढंच ठरलं होतं की हे पत्रकातून सांगायचं नाही. पत्रक वाचतं कोण, ज्याला आधीच पटलेलं असतं तो. ज्याच्या पेढीवर कारकून थंडीत कुडकुडतोय त्या शेटच्या घरात ते पोचणार कसं? त्याच्या बायकोने आणि लेकरांनी रात्री बसून वाचावं असं काहीतरी हवं होतं, आणि ते घरातल्या सगळ्यांना आवडायलाही हवं होतं.

आता एक रिपोर्ट वाचून एवढं का झोंबलं, तर त्यामागे एक गोष्ट होती जी डिकन्सने जगापासून लपवून ठेवली होती. १८२४ मध्ये तो नुकताच बारा वर्षांचा झाला होता, घरात कर्ज झालेलं, तेव्हा त्याला शाळेऐवजी वॉरेन नावाच्या बूट पॉलिशच्या कारखान्यात कामाला लावलं. थेम्स नदीच्या काठाला मोडकळीला आलेली इमारत, तळघरात उंदरांचा सुळसुळाट. काम काय, तर पॉलिशच्या डब्या बंद करायच्या. आधी तोंडावर तेलकट कागद, त्याच्यावर निळा कागद, मग दोऱ्याने आवळून बांधायचं, कागदाचे निघालेले कोपरे कात्रीने गोल बारीक कापायचे, इतके सफाईने की डबी औषधाच्या दुकानातल्या मलमासारखी दिसली पाहिजे, आणि अशा भरपूर डब्या झाल्या की प्रत्येकीवर छापील लेबल चिकटवायचं. दोऱ्याची गाठ कशी मारायची ते बॉब फेगिन नावाच्या एका मोठ्या मुलाने त्याला शिकवलं. आठवड्याचा पगार आधी सहा, नंतर सात शिलिंग. थोड्याच दिवसात वडिलांना कर्जापायी मार्शलसी तुरुंगात टाकलं, आई आणि धाकटी भावंडंही तिथेच राहायला गेली, आणि हा पोरगा बाहेर भाड्याच्या जागेत एकटा, स्वतःच्या पगारात पाव आणि चीज कसं पुरवायचं त्याचा हिशोब करत.

वडील सुटले, पुढे त्याला त्या कामावरून काढून शाळेत घालायचं ठरलं, तर आईचं म्हणणं की नको, कामावरच जाऊ दे. हे तो आयुष्यभर विसरला नाही, तसं त्याने लिहूनच ठेवलंय. ही सगळी हकीकत त्याने मित्राला, जॉन फॉर्स्टरला सांगितली होती, लोकांना कळली ती डिकन्स गेल्यावर, फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून. म्हणजे १८४३ मध्ये लाखो वाचकांना माहीतच नव्हतं की आपला लाडका लेखक स्वतः त्या रिपोर्टमधल्या मुलांपैकी एक होता. तुमच्या वर्गातल्या मुलांना हे आवर्जून सांगा मॅडम. कपाशीच्या वेचणीच्या दिवसात आपल्याकडच्या शाळांमध्ये पट कसा खाली येतो ते तुम्ही बघताच, त्यातल्या एखाद्या पोराला हा डब्या बांधणारा मुलगा ओळखीचा वाटेल.

इथे थोडं विषयांतर करते, पण खानदेशात बसून हे लिहिताना राहवत नाही. आपल्याकडे पहिला फॅक्टरी कायदा आला १८८१ मध्ये, सात वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायचं नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, मुलांसाठी त्यात मुख्य एवढंच होतं. त्यातही शंभरापेक्षा कमी माणसं असलेले आणि वर्षातून चार महिन्यांपर्यंतच चालणारे कारखाने सुटले. मग आपले जिन, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारे कारखाने? ते तर सीझनपुरतेच चालायचे. १८८४-८५ मध्ये मुंबई सरकारच्या फॅक्टरी कमिशनसमोर खानदेशातल्या जिनिंगमध्ये बायामाणसं पहाटेपासून रात्रीपर्यंत कशी राबतात याच्या साक्षी झाल्या. म्हणून म्हणते, तो रिपोर्ट, त्यातली मुलं, हे सगळं लांब लंडनचं म्हणून सोडून देऊ नका.

तर पुन्हा १८४३. सप्टेंबरात डिकन्स लंडनच्या फील्ड लेन भागातली एक 'रॅग्ड स्कूल' बघायला गेला. फाटक्या कपड्यातल्या, रस्त्यावर राहणाऱ्या, चोऱ्यामाऱ्यांत सापडलेल्या मुलांसाठी काही लोकांनी चालवलेली फुकट शाळा. घाण वस्ती, घाणेरड्या खोल्या, मुलांना अक्षरओळख नाही आणि बरं-वाईट काय हेही कोणी कधी सांगितलेलं नाही. त्याने अँजेला बर्डेट-कूट्स या श्रीमंत दानशूर बाईंना लांबलचक पत्र लिहून मदत मागितली. ५ ऑक्टोबरला तो मँचेस्टरला गेला, तिथे कामगारांच्या शिक्षणासाठी चाललेल्या अथेनियम या संस्थेसाठी मोठी सभा होती, स्टेजवर कॉब्डेन आणि डिझरायली, दोघंही मोठे पुढारी. डिकन्सचं भाषण अज्ञानाबद्दलच झालं. मार्चपासून जे डोक्यात घोळत होतं त्याला याच प्रवासाच्या दिवसात आकार आला, आणि परत येऊन त्याने लिहायला घेतलं.

पुढचे सहा आठवडे त्याने कसे काढले ते त्याने स्वतः एका अमेरिकन मित्राला कळवलंय. लिहिताना रडायचो, हसायचो, परत रडायचो, आणि सगळी शहाणी माणसं झोपली की रात्री लंडनच्या काळोख्या रस्त्यांनी पंधरा-पंधरा वीस-वीस मैल चालत सुटायचो. आणि हे करताना त्याची आणखी एक कादंबरी 'मार्टिन चझलविट' महिन्याच्या महिन्याला हप्त्याने छापून येत होती, तो हप्ताही वेळेवर द्यायचाच होता. डिसेंबर लागता लागता गोष्ट पूर्ण.

साहित्य बरंचसं त्याच्याजवळ आधीचंच होतं. १८३६ मध्ये 'पिकविक पेपर्स'मध्ये त्याने एक छोटी गोष्ट घातली होती, एक खडूस कबर खोदणारा, नाताळच्या आदल्या रात्री त्याला पिशाच्चं उचलून नेतात, चित्रं दाखवतात आणि तो सुधारतो. सांगाडा तोच दिसतो ना? बॉब क्रॅचिटचं घर त्याने कॅम्डन टाउनमध्ये ठेवलं, डिकन्स कुटुंब लंडनला आल्यावर तिथेच राहिलं होतं. टिमचं नाव हस्तलिखितात आधी फ्रेड होतं. डिकन्सची मोठी बहीण फॅनी मँचेस्टरला राहायची, तिचा मुलगा अपंग होता, टिम त्याच्यावरून घेतला असं मानतात.

राहिला तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न, घरात कोणी चिक्कू होता का. अमका कंजूष म्हणजे स्क्रूज, तमका म्हणजे स्क्रूज, अशी नावं लोकांनी बरीच काढलीत, मला त्यात फार अर्थ वाटत नाही. स्क्रूजच्या तोंडची भाषा मात्र कुठून आली ते स्पष्ट आहे. गोष्टीच्या सुरुवातीला दोन सद्गृहस्थ गरिबांसाठी वर्गणी मागायला येतात तेव्हा तो विचारतो, का, तुरुंग नाहीत का, वर्कहाउस (निराधार गरिबांना ठेवून काम करून घ्यायच्या जागा) बंद पडलीत का? आणि तिथे जाण्यापेक्षा मरणं बरं म्हणणारे असतील तर मरू देत, जास्तीची लोकसंख्या तेवढीच कमी होईल. हे त्या वेळचे भले शिकलेले लोक गंभीरपणे बोलत होते. माल्थस नावाच्या अर्थशास्त्र्याने लोकसंख्येबद्दल जे मांडलं होतं त्याचा आधार घेऊन, आणि १८३४ च्या कायद्याने मदत मागणाऱ्या गरिबाला वर्कहाउसमध्ये नवऱ्याला बायकोपासून, आईला लेकरापासून वेगळं ठेवायचं अशी सोयच करून ठेवली होती. स्क्रूज एकटा वाईट नव्हता, देशाचं चाललेलं धोरणच तो तोंडाने बोलून दाखवत होता.

प्रश्न : मी धुळ्याला एम.ए. करतोय. आमच्या सरांनी सांगितलं की डिकन्स तेव्हा पैशांच्या अडचणीत होता म्हणून घाईघाईत नाताळच्या सीझनला पुस्तक काढलं. मग गरिबांचा कळवळा वगैरे नंतर चिकटवलेलं का?

उत्तर : अडचण खरी होती, तुमचे सर चुकीचं सांगत नाहीयेत. 'मार्टिन चझलविट'चा खप आधीच्या कादंबऱ्यांच्या मानाने फारच पडला होता. प्रकाशक चॅपमन अँड हॉल यांच्या करारात कलम होतं की खप ठरलेल्या आकड्याच्या खाली गेला तर महिन्याच्या दोनशे पौंडातले पन्नास कापायचे, त्यांनी त्याची आठवण करून दिली आणि हा चिडला. घरात चार मुलं, पाचवं वाटेवर, आईवडील आणि भाऊ याच्याच जिवावर. पैसे हवेच होते.

पण एक तर तारखा बघा. मुलांबद्दलचं पहिलं पत्र मार्चमधलं आहे, प्रकाशकाचं कापाकापीचं बोलणं त्यानंतरचं, जूनमधलं. आणि ज्याला निव्वळ पैसे कमवायचे तो पुस्तक असं काढतो का ते सांगा. प्रकाशकाशी बिनसलेलं म्हणून छपाईचा सगळा खर्च स्वतःच्या अंगावर घेतला. लालसर कापडाची बांधणी, सोनेरी अक्षरं, पानांच्या कडा सोनेरी, जॉन लीचची चित्रं आणि त्यातली चार हाताने रंगवलेली. आतल्या बाजूचा हिरवा कागद हाताला रंग सोडायचा, डिकन्सला पसंत नाही, बदलून पिवळा लावला. मुखपृष्ठाच्या आतल्या पानाची शाई आवडली नाही, तीही बदलली. आणि एवढं करून किंमत फक्त पाच शिलिंग, म्हणजे चार लोकांना घेता आलं पाहिजे. गोष्टीतल्या बॉब क्रॅचिटचा पगार आठवड्याला पंधरा शिलिंग आहे, म्हणजे त्याला ते तरीही परवडलं नसतं, आठवड्याच्या कमाईचा तिसरा हिस्सा झाला तो, पण पुस्तकाच्या मानाने स्वस्तच.

१९ डिसेंबर १८४३ ला पुस्तक आलं आणि पहिल्या सहा हजार प्रती नाताळच्या आधी संपल्या. डिकन्सचा अंदाज होता हजार पौंड सुटतील. हिशोब आला तेव्हा हातात पडले दोनशे तीस, बाकी सगळं बांधणी, कागद आणि रंगकामाने खाल्लं होतं. जानेवारीत एका साप्ताहिकवाल्याने गोष्टीची सरळ चोरी करून स्वस्तात छापली. डिकन्स कोर्टात गेला, जिंकला, तर समोरच्याने दिवाळं काढलं, आणि कोर्टखर्चाचे सुमारे सातशे पौंड उलट याच्याच गळ्यात. कमावले त्याच्यापेक्षा जास्त केसमध्ये गेले. प्रकाशकाला त्याने १८४४ मध्ये सोडलं.

मला स्वतःला यात विरोध दिसतच नाही हो. आपल्या घरची चूल पेटवायची काळजी असलेल्या माणसालाच दुसऱ्याच्या विझलेल्या चुलीचं कळतं, त्यात डिकन्स तर लहानपणी ते सगळं बघून आलेला. सरांना हेही विचारा की पैशांसाठीच लिहायचं असतं तर वर्गणी मागायला आलेल्यांचा तो सीन कशाला हवा होता, पुस्तक विकत घेणारे बरेचसे त्या स्क्रूजसारखंच बोलणारे होते.

प्रश्न : भुसावळला रेल्वे कॉलनीत आयुष्य गेलं, आता रिटायर आहे. डिसेंबरात शेजारच्या अँग्लो-इंडियन घरांतून केक यायचा, कॅरल ऐकू यायची, पण भुतं कधी दिसली नाहीत. सणाच्या गोष्टीत भूत कशाला? आणि नाताळ डिकन्सनेच 'शोधून काढला' म्हणतात ते खरं का?

उत्तर : काका, भुतं जुनीच. तिकडे डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो, थंडी मरणाची, सगळे शेगडीभोवती बसणार आणि मग गोष्टी निघणार, त्यात भुताच्या आधी. डिकन्सने ती सवय वापरली. आपल्याकडे जानेवारीत धुळ्या-जळगावला गारठा पडला की मळ्यात शेकोटीला बसून पडक्या वाड्यातल्या हडळीच्या गोष्टी निघतातच की.

शोधून काढला हे काही खरं नाही. नाताळ आधीपासून होता, वॉशिंग्टन आयर्विंग या अमेरिकन लेखकाने वीसेक वर्षं आधी इंग्लंडच्या खेड्यातल्या जुन्या नाताळाची फार गोड वर्णनं लिहिली होती आणि डिकन्सला ती आवडायची. हेन्री कोलने पहिलं छापील ख्रिसमस कार्ड काढलं तेही याच १८४३ मध्ये. राणी व्हिक्टोरियाच्या घरच्या सजवलेल्या झाडाचं चित्र १८४८ मध्ये छापून आल्यावर ते झाड घराघरात पोचलं, आणि गंमत म्हणजे या गोष्टीत ते झाड नाहीच. आहे ते जेवण, खेळ, एकमेकांकडे जाणं, आणि कारकुनाला पगारी सुट्टी. चर्चही थोडंसंच येतं. टिम चर्चमधून येताना वडिलांना सांगतो की लोकांनी मला बघितलं ते बरं झालं, मी लंगडा आहे ना, आजच्या दिवशी त्यांना लंगड्यांना चालायला लावणारा आणि आंधळ्यांना दृष्टी देणारा आठवेल. सणाच्या दिवशी मालकाला नोकराच्या घरात काय शिजतंय याची लाज वाटली पाहिजे, हे मात्र डिकन्सने या गोष्टीतून लोकांच्या मनात बसवलं असं मला वाटतं. या पुस्तकामुळे कायदे बदलले असं कोणी सांगितलं तर लगेच मानू नका, १८४४ च्या फॅक्टरी कायद्यामागे कितीतरी लोकांची बरीच वर्षांची धडपड होती.

पुढे डिकन्स ही गोष्ट स्टेजवर उभा राहून वाचायचा. १८५३ च्या डिसेंबरात बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये पहिलं जाहीर वाचन झालं, आणि त्यातला एक दिवस त्याने कामगारांसाठी स्वस्त तिकिटात ठेवायला लावला. शेवटचं वाचन मार्च १८७० मध्ये, तेव्हाही हीच गोष्ट होती. जूनमध्ये तो गेला.

प्रश्न : अमळनेरहून लिहितोय. सहा आठवड्यात एवढं पुस्तक, विश्वास बसत नाही. आपल्याकडे असं उदाहरण आहे का?

उत्तर : दादा, अमळनेरच्या माणसाने हे विचारावं! तुमच्या प्रताप हायस्कूलात शिकवलेले साने गुरुजी. 'श्यामची आई' त्यांनी नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला लिहायला घेतली आणि १३ तारखेला पहाटे संपवली. पाच दिवस. त्यांच्याकडेही लहानपणापासूनचं सगळं साठलेलंच होतं, हात चालवायचाच अवकाश होता. त्याच्या आदल्या वर्षी, १९३२ मध्ये, धुळ्याच्या जेलमध्ये विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे तेव्हा भरभर उतरवून घेणारे गुरुजीच, म्हणून ती प्रवचनं आज आपल्या हातात आहेत. तुलना यापुढे ताणत नाही, दोघांचा पिंड वेगळा, काळ वेगळा.

प्रश्न : आमची नवापूर तालुक्यात आश्रमशाळा आहे. गॅदरिंगला ही गोष्ट नाटक म्हणून बसवतोय, वीस मिनिटं मिळालीत, पैसे नाहीत. काय ठेवू, काय गाळू?

उत्तर : सर, मार्लेच्या भुतावर वेळ घालवू नका, साखळ्या वाजवत आला, बोलला, गेला, दोन मिनिटं बास. पहिल्या आत्म्याचं एकच दृश्य ठेवा, सुट्टीत सगळी मुलं घरी गेलीत आणि छोटा स्क्रूज शाळेत एकटा वाचत बसलाय, ते तुमच्या निवासी मुलांना शिकवावं लागणार नाही. क्रॅचिटच्या घरचं जेवण हवंच, आणि तिथे भाजलेला हंस (गूज) वगैरे दाखवत बसण्यापेक्षा पातेलं एक आणि माणसं आठ एवढं दिसलं तरी पुरे.

जे बहुतेक लोक नाटकातून कापतात ते तुम्ही कापू नका. दुसरा आत्मा निघायची वेळ झालेली असते तेव्हा स्क्रूजला त्याच्या झग्याच्या घेराखाली काहीतरी पंजासारखं दिसतं. तो विचारतो हे काय, तर आत्मा झगा बाजूला करतो आणि खाली त्याच्या पायांना बिलगलेली दोन पोरं, एक मुलगा एक मुलगी, पिवळी पडलेली, हडकुळी, चिंध्या पांघरलेली, लांडग्याच्या नजरेने बघणारी. स्क्रूज काहीतरी चांगलं बोलायला जातो पण शब्द घशात अडकतात. ही तुझी का, असं विचारतो. आत्मा म्हणतो, माणसांची आहेत. मुलगा म्हणजे अज्ञान, मुलगी म्हणजे गरज, दोघांपासून सावध राहा, पण या मुलापासून जास्त. यांना कुठे आसरा नाही का, असं स्क्रूज विचारतो, आणि आत्मा त्याचंच आधीचं बोलणं त्याला ऐकवतो, का, तुरुंग नाहीत का, वर्कहाउस नाहीत का? फील्ड लेनची शाळा, रिपोर्टमधली मुलं, मँचेस्टरचं भाषण, सगळं या एका पानात आलंय. झगा म्हणून एखादी मोठी घोंगडी घ्या, दोन लहान पोरं आधीपासून खाली बसवून ठेवा, हललं नाही पाहिजे कोणी, आणि घोंगडी एकदम उचला. पैसे शून्य.

आणि एक, शेवटी सूत्रधाराच्या तोंडी हे वाक्य नक्की द्या की टिम मेला नाही. डिकन्सच्या हस्तलिखितात ते नव्हतं, छपाईच्या वेळी त्याने घातलं, आणि आज ते नसलेलं पुस्तक कल्पनाही करवत नाही. मोठ्याने म्हणायला सांगा, माइक खराब असला तरी मागे बसलेल्या पहिली-दुसरीच्या पोरांना ऐकू गेलं पाहिजे.